सोर्स कोड तपासणाऱ्या साधनांतील एक्झिट कोडची मांडणी : स्वरूप, पद्धती आणि दक्षता

सारांश : कमांड लाइनवरून चालणारी सोर्स कोड तपासणीची साधने आपला निष्कर्ष दोन प्रकारे कळवितात. माणसाने वाचावा म्हणून मजकुराच्या रूपाने, आणि दुसऱ्या आज्ञावलीला समजावा म्हणून एका लहानशा अंकाच्या रूपाने. या अंकास एक्झिट कोड असे म्हणतात. स्वयंचलित व्यवस्थेत मजकूर क्वचितच वाचला जातो. निर्णय अंकावरच होतो. त्यामुळे हा अंक केव्हा शून्य यावा आणि केव्हा येऊ नये, हे ठरविणे ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही. प्रस्तुत लेखात एक्झिट कोडचे स्वरूप, प्रचलित साधनांतील त्याच्या भिन्न पद्धती, मांडणीत होणाऱ्या चुका आणि महाविद्यालयीन प्रकल्पांसाठी उपयुक्त ठरेल अशी कार्यपद्धती यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : एक्झिट कोड, सोर्स कोड तपासणी, कमांड लाइन, पायलिंट, सीपीपीचेक, स्वयंचलित तपासणी

१. प्रस्तावना

माधवनगर हे पुणे-मिरज लोहमार्गावरील सांगलीलगतचे स्थानक आहे. भारतीय रेल्वेवर दीर्घकाळ वापरात असलेल्या हाताच्या सिग्नलची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. सिग्नलचा हात तारेने ओढला तरच गाडीला पुढे जाण्याची परवानगी मिळे. तार तुटली, तर हात आपोआप आडवा होई. म्हणजेच 'थांबा' असा इशारा देई. यंत्रणेत बिघाड झाला असता गाडी थांबावी, पुढे जाऊ नये, हे या रचनेमागील तत्त्व होते. बिघाडामुळे गाडीला विलंब होईल, परंतु बिघाडाचा अर्थ 'मार्ग मोकळा आहे' असा कधीही घेतला जाणार नाही, याची ती हमी होती.

संगणकाच्या आज्ञावल्या तपासणाऱ्या साधनांच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न उपस्थित होतो. माधवनगर, सांगली, मिरज या परिसरातील संगणकशास्त्राचे विद्यार्थी अंतिम वर्षाच्या प्रकल्पात शेकडो, कधी हजारो ओळींची आज्ञावली लिहितात. प्रत्येक ओळ मार्गदर्शक शिक्षकाने वाचणे शक्य नसते. म्हणून तपासणीची साधने वापरली जातात आणि त्यांचा निकाल हिरव्या किंवा लाल खुणेने दाखविला जातो. ही खूण एक्झिट कोडवर अवलंबून असते. साधनाने तपासणी केलीच नाही आणि तरीही हिरवी खूण दिसली, तर तार तुटलेली असताना सिग्नल पडलेला आहे असे होईल. अशी व्यवस्था तपासणी नसण्यापेक्षाही अधिक धोक्याची असते, कारण ती खोटा विश्वास निर्माण करते.

२. एक्झिट कोड : संकल्पना व मर्यादा

कोणतीही आज्ञावली संपताना आपल्याला सुरू करणाऱ्या आज्ञावलीकडे एक पूर्णांक परत पाठविते. युनिक्सच्या परंपरेत ० म्हणजे यश आणि इतर कोणताही अंक म्हणजे अपयश, असा संकेत आहे. व्यवहारात बेरजेला महत्त्व आणि शून्याला गौणत्व असते; येथे ते उलट आहे. यामागील कारण सोपे आहे. काम यथासांग पार पडण्याचा प्रकार एकच असतो, परंतु काम फसण्याची कारणे अनेक असतात. त्या कारणांना वेगवेगळे अंक देता यावेत म्हणून यशासाठी शून्य हा एकच अंक राखून ठेवण्यात आला.

शेलमध्ये नुकत्याच संपलेल्या आज्ञेचा एक्झिट कोड '$?' या चिन्हाने पाहता येतो. '&&' हे चिन्ह वापरल्यास पहिली आज्ञा यशस्वी झाली तरच दुसरी चालते; '||' वापरल्यास पहिली फसली तरच दुसरी चालते. मेक, गिट आणि स्वयंचलित बांधणीच्या सर्व व्यवस्था याच अंकाच्या आधारे पुढे जावे की थांबावे हे ठरवितात.

या अंकाला एक महत्त्वाची मर्यादा आहे. युनिक्स व लिनक्सवर सुरू करणाऱ्या शेलला त्याचे केवळ ८ बिट मिळतात. म्हणजे ० ते २५५ एवढेच अंक उपलब्ध असतात आणि त्यापुढील अंकाला २५६ ने भागून उरणारी बाकी तेवढी पोहोचते. एखाद्याने २५६ हा अंक अपयशाची खूण म्हणून निवडला, तर बाकी शून्य उरते आणि अपयशाचे रूपांतर यशात होते. विंडोजवर हा अंक ३२ बिटांचा असल्याने तेथे २५६ हा २५६ च राहतो. एकच मांडणी एका संगणकावर दोष दाखविते आणि दुसऱ्यावर तोच दोष लपविते, असा विचित्र अनुभव त्यामुळे येऊ शकतो.

काही अंकांना शेलनेच विशिष्ट अर्थ दिले आहेत. १२७ म्हणजे मागितलेली आज्ञा सापडली नाही. १२६ म्हणजे ती सापडली, पण चालविता आली नाही. एखादी आज्ञावली सिग्नलमुळे मध्येच बंद पडली, तर १२८ मध्ये त्या सिग्नलचा क्रमांक मिळवून येणारा अंक मिळतो. स्मृती अपुरी पडल्याने ऑपरेटिंग सिस्टिमने एखादे साधन सक्तीने बंद केले, तर १२८ अधिक ९ म्हणजे १३७ हा अंक सामान्यतः दिसतो. या अंकांचा सोर्स कोडच्या गुणदोषांशी काहीही संबंध नसतो. ते तपासनीसाविषयी सांगतात, तपासलेल्या वस्तूविषयी नव्हे.

३. एका अंकात दोन प्रश्नांची उत्तरे

सामान्य आज्ञेला एकच प्रश्न विचारला जातो : काम झाले की नाही? तपासणीच्या साधनाला मात्र दोन प्रश्न विचारले जातात. पहिला, तपासणी पूर्ण झाली काय? दुसरा, तपासणीत दोष आढळले काय? दोन्हींची उत्तरे एकाच अंकात सामावावी लागतात आणि गोंधळाचे मूळ येथेच आहे.

शब्द शोधणाऱ्या ग्रेप या जुन्या आज्ञेने हा प्रश्न नीट सोडविलेला दिसतो. मजकूर सापडला तर ०, सापडला नाही तर १ आणि फाइल वाचता न येण्यासारखी अडचण आली तर २, अशी तिची पद्धत आहे. 'नाही सापडले' आणि 'शोधताच आले नाही' यांत तिने भेद राखला आहे. मात्र ग्रेपचा उपयोग दोषशोधनासाठी केला, तर अर्थ उलटा होतो हे ध्यानात ठेवावे लागते. आज्ञावलीत निषिद्ध फंक्शन सापडले की ग्रेप ० देते, आणि बांधणीची व्यवस्था त्याला यश समजते. अशा वेळी केवळ उलट अर्थ घेणेही पुरेसे नाही, कारण मग २ हा अंकसुद्धा यशात मोजला जातो. अंक १ आला तरच तपासणी उत्तीर्ण, असे स्पष्ट लिहावे लागते.

सोर्स कोड प्रत्यक्ष न चालविता तपासण्याची परंपरा बरीच जुनी आहे. सी भाषेसाठी 'लिंट' हे साधन बेल लॅबोरेटरीजमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार केले. कापडाला चिकटलेले बारीक तंतू वेचून काढावेत तसे आज्ञावलीतील बारीकसारीक दोष वेचणारे साधन, असा या नावाचा भाव आहे. पुढे पायलिंट, ईएसलिंट यांसारख्या अनेक साधनांनी हेच नाव आपल्या नावात सामावून घेतले. महाराष्ट्रातही या विषयात मूलभूत स्वरूपाचे काम झाले आहे. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व आरेखन केंद्रात सोर्स कोडच्या विश्लेषणावर संशोधन झाले. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील उदय खेडकर व अमिताभ सन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला डेटा फ्लो विश्लेषणावरील इंग्रजी ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला.

या सैद्धान्तिक कामातून एक गोष्ट स्पष्ट होते. हेन्री राइस यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमेयानुसार आज्ञावलीच्या वर्तनाविषयीच्या कोणत्याही अर्थपूर्ण प्रश्नाचे सर्व आज्ञावल्यांसाठी अचूक उत्तर देणारी एकच पद्धत असू शकत नाही. म्हणून प्रत्येक साधन अंदाज बांधते. काही सूचना निश्चित दोषाच्या असतात, काही शंकेच्या, तर काही केवळ लेखनशैलीच्या. सर्व सूचनांना समान लेखून काम थांबविणे योग्य नाही. सर्वांकडे दुर्लक्ष करणे तर मुळीच योग्य नाही. कोणती सूचना काम थांबविण्याइतकी महत्त्वाची, हा निर्णय साधन वापरणाऱ्याने घ्यावयाचा असतो. एक्झिट कोडची मांडणी करणे म्हणजे हा निर्णय साधनाला समजेल अशा रूपात लिहून ठेवणे होय.

४. प्रचलित साधनांच्या पद्धती

निरनिराळ्या साधनांनी वरील दोन प्रश्नांची उत्तरे निरनिराळ्या रीतीने दिली आहेत. त्यांपैकी काही प्रातिनिधिक पद्धती पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) सीपीपीचेक : सी व सी++ साठीचे हे साधन मूळ मांडणीत दोष आढळले तरी ० हाच अंक देते. पडद्यावर दोषांची यादी दिसते, पण बांधणीची व्यवस्था पुढे जात राहते. दोष आढळल्यावर वेगळा अंक हवा असल्यास 'एरर-एक्झिटकोड' या पर्यायाने तो द्यावा लागतो. येथे अनेकजण १ हा अंक निवडतात. परंतु आज्ञेतील पर्याय चुकले किंवा तपासण्यासाठी एकही फाइल दिली गेली नाही, तरी सीपीपीचेक १ हाच अंक देते. त्यामुळे दोष सापडले की आज्ञाच चुकली, हे अंकावरून कळत नाही. २ किंवा ३ यांसारखा निराळा अंक निवडल्यास हा गोंधळ टळतो. २५६ ची निवड शून्यात परिणत होऊ शकते, असा इशारा या साधनाच्या मदत-मजकुरातच दिलेला आहे. सूचना दिसावी पण काम थांबू नये, अशा सूचनांची यादी 'एक्झिटकोड-सप्रेशन्स' या पर्यायाने स्वतंत्र फाइलमध्ये देता येते.

(आ) ईएसलिंट : जावास्क्रिप्टसाठीचे हे साधन २०१३ पासून उपलब्ध आहे. यात प्रत्येक नियमाला 'एरर' किंवा 'वॉर्निंग' असा दर्जा देता येतो. एरर नसल्यास ०, असल्यास १ आणि मांडणीत किंवा साधनात बिघाड असल्यास २ असे अंक मिळतात. वॉर्निंग कितीही असल्या तरी मूळ मांडणीत ० मिळतो. मात्र 'मॅक्स-वॉर्निंग्ज' या पर्यायाने मर्यादा घातल्यास ती ओलांडताच १ मिळतो.

(इ) शेलचेक : शेल आज्ञावल्यांसाठीच्या या साधनाने भेद अधिक बारकाईने केला आहे. ० म्हणजे सर्व फाइली तपासल्या व दोष नाहीत. १ म्हणजे सर्व फाइली तपासल्या व काही दोष आहेत. २ म्हणजे काही फाइली तपासताच आल्या नाहीत. ३ म्हणजे साधनाला दिलेली आज्ञा चुकीची आहे. ४ म्हणजे दिलेला पर्याय साधनाला मान्य नाही. तपासणी पूर्ण झाल्याची ग्वाही केवळ ० व १ या दोन अंकांत आहे.

(ई) पीएचपी कोडस्निफर : या साधनाच्या तिसऱ्या आवृत्तीत ० म्हणजे दोष नाहीत, १ म्हणजे दोष आहेत पण एकही आपोआप दुरुस्त होण्याजोगा नाही, २ म्हणजे काही दोष आपोआप दुरुस्त होण्याजोगे आहेत आणि ३ म्हणजे साधनाच्या कामातच अडचण आली, असे अर्थ आहेत. २ हा अंक १ पेक्षा मोठा असला तरी तो अधिक गंभीर स्थिती दर्शवीत नाही, हे येथे स्पष्ट दिसते. एक्झिट कोडचे अंक ही नावे आहेत, मोजमापे नव्हेत. 'इग्नोर वॉर्निंग्ज ऑन एक्झिट' या मांडणीने वॉर्निंग एक्झिट कोडच्या हिशेबातून वगळता येतात. चौथ्या आवृत्तीत या अंकांची रचनाच बदलण्यात आली. त्यामुळे आवृत्ती बदलली की अंकांचे अर्थ पुन्हा पडताळून पाहणे आवश्यक ठरते.

५. पायलिंट : एक सविस्तर उदाहरण

पायथन भाषा महाविद्यालयीन प्रकल्पांत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. म्हणून पायलिंटचा विचार अधिक तपशिलाने करणे उचित ठरेल.

पायलिंटचा एक्झिट कोड बेरजेच्या स्वरूपाचा असतो. तपासणीच थांबविणाऱ्या अडचणीला १, एररला २, वॉर्निंगला ४, पुनर्रचनेच्या सूचनेला ८, लेखनसंकेताच्या सूचनेला १६ आणि साधन चुकीच्या पद्धतीने वापरल्यास ३२, असे अंक नेमलेले आहेत. आढळलेल्या प्रकारांच्या अंकांची बेरीज म्हणजे एक्झिट कोड. उदाहरणार्थ, २० म्हणजे १६ अधिक ४. अर्थात लेखनसंकेताच्या सूचना व वॉर्निंग आहेत, पण एरर नाही. ३० म्हणजे २, ४, ८ व १६ यांची बेरीज. म्हणजे इतर सूचनांबरोबर एररही आहे. प्रत्येक प्रकारचे दोष किती, हे या अंकावरून कळत नाही. तो प्रकार आहे की नाही, एवढेच कळते.

केवळ अडचण, एरर व चुकीचा वापर यांवरच काम थांबवावयाचे असल्यास १, २ व ३२ यांची बेरीज म्हणजे ३५ हा अंक घेऊन एक्झिट कोडशी बिटश: 'आणि' ही क्रिया करावी. उत्तर शून्य नसेल तर काम थांबवावे. २८ या कोडसाठी उत्तर शून्य येते, तर ३० साठी २ येते. परंतु यातही एक उणीव राहते. साधन सिग्नल क्रमांक ४ मुळे मध्येच बंद पडले, तर शेल १३२ हा अंक देते. तो १२८ व ४ यांची बेरीज असल्याने ३५ शी क्रिया केल्यास उत्तर शून्य येते आणि बंद पडलेली तपासणी उत्तीर्ण ठरते. पायलिंटचा स्वतःचा कोणताही कोड ६३ पेक्षा मोठा असू शकत नाही. म्हणून ६३ पेक्षा मोठा कोणताही अंक आला तर काम थांबवावे, ही अट आधी घालणे आवश्यक आहे.

'फेल-अंडर' हा पर्याय वापरताना अधिक सावधगिरी हवी. पायलिंट आज्ञावलीला १० पैकी गुण देते. मूळ सूत्रानुसार एररच्या संख्येला ५ ने गुणून त्यात इतर सूचनांची संख्या मिळविली जाते, त्या बेरजेला विधानांच्या एकूण संख्येने भागून १० ने गुणले जाते आणि येणारे उत्तर १० मधून वजा होते. 'फेल-अंडर' ९ ठेवल्यास ९ किंवा त्याहून अधिक गुण मिळविणाऱ्या आज्ञावलीसाठी एक्झिट कोड ० येतो.

समजा, सांगलीच्या हळद बाजारातील व्यवहाराची हिशेबपट्टी तयार करणारी आज्ञावली एका विद्यार्थिगटाने लिहिली आहे आणि तीत २०० विधाने आहेत. पहिल्या स्थितीत १० फंक्शनांना वर्णनाचा मजकूर जोडलेला नाही. हे लेखनसंकेताचे दोष झाले. वजावट १० भागिले २०० गुणिले १०, म्हणजे ०.५, गुण ९.५. दुसऱ्या स्थितीत सर्व वर्णने आहेत, परंतु दोन ठिकाणी तोलाईची रक्कम ठेवणारे चल मूल्य मिळण्यापूर्वीच वापरले गेले आहे. हे एरर झाले. वजावट २ गुणिले ५ भागिले २०० गुणिले १०, म्हणजे पुन्हा ०.५, गुण ९.५ च. पहिल्या आज्ञावलीतून पट्टी बरोबर निघेल. दुसरी आज्ञावली त्या ओळीपाशी येताच बंद पडेल आणि शेतकऱ्याच्या हाती पट्टीच पडणार नाही. तरीही 'फेल-अंडर' ९ असेल, तर दोन्हींचा एक्झिट कोड शून्यच राहील.

आज्ञावली मोठी होत जाते तसा हा धोका वाढतो. २००० विधानांच्या आज्ञावलीत ४० एरर असले तरी वजावट १ एवढीच होते आणि गुण ९ राहतात. सरासरी गुणांत गंभीर दोष बुडून जातो, हा परीक्षेतील एकूण टक्केवारीसारखाच प्रकार आहे. एका विषयात नापास झालेला विद्यार्थी एकूण गुणांच्या बळावर उत्तीर्ण ठरू नये म्हणून प्रत्येक विषयात उत्तीर्ण होण्याची अट असते. पायलिंटमध्ये हे काम 'फेल-ऑन' हा पर्याय करतो. त्यात एररचा प्रकार नमूद केल्यास गुण कितीही असले तरी एक एरर आढळताच एक्झिट कोड शून्य राहत नाही. म्हणून 'फेल-अंडर' एकटे कधीही वापरू नये. त्याच्या जोडीला 'फेल-ऑन' असावेच.

६. एक्झिट कोड वाटेत हरविण्याची कारणे

साधनाची मांडणी निर्दोष असली तरी त्याचा अंक निर्णय घेणाऱ्या व्यवस्थेपर्यंत पोहोचेलच असे नाही. तो मध्येच हरविण्याची चार कारणे प्रामुख्याने आढळतात.

पहिले कारण पाइपचे. तपासणीचा मजकूर पडद्यावर दिसावा आणि फाइलमध्येही साठावा, म्हणून साधनाचे फलित 'टी' या आज्ञेकडे पाइपने पाठविले जाते. शेलच्या मूळ नियमानुसार संपूर्ण साखळीचा एक्झिट कोड शेवटच्या आज्ञेचा असतो. 'टी' ने मजकूर व्यवस्थित लिहिला की ० येतो आणि साधनाने दिलेला अंक नाहीसा होतो. बॅशमध्ये 'पाइपफेल' ही सोय सुरू केल्यास साखळीतील शून्येतर अंक पुढे पोहोचतो.

दुसरे कारण '|| ट्रू' या जोडणीचे. कामाच्या घाईत साधनाची आज्ञा अडथळा ठरू लागली की तिच्यापुढे ही जोडणी करण्याचा मोह होतो. त्यामुळे दोष, चुकीची आज्ञा, साधन उपलब्ध नसणे, या सर्वांचे रूपांतर यशात होते. पायलिंट व फ्लेक८ यांतील 'एक्झिट-झिरो' हा पर्याय याच्या जवळचा, परंतु काहीसा सौम्य आहे. आढळलेल्या सूचनांसाठी तो ० देतो. साधनच स्थापित नसेल तर शेलचा १२७ हा अंक मात्र लपत नाही. केवळ माहितीसाठी तपासणी करावयाची असेल, तर '|| ट्रू' पेक्षा हा पर्याय बरा.

तिसरे कारण मेकचे. मेकच्या नियमात आज्ञेच्या आरंभी '-' हे चिन्ह असल्यास त्या आज्ञेचे अपयश दुर्लक्षिले जाते. ते नसल्यास मेक थांबते, पण स्वतःचा एक्झिट कोड २ देते. साधनाने १ दिला की ३, हा तपशील बाहेर पोहोचत नाही. तो तपशील हवा असल्यास निर्णय मेकच्या आतच घ्यावा लागतो.

चौथे कारण गिटच्या हुकचे. बदल नोंदविण्यापूर्वी चालणाऱ्या हुकने शून्येतर अंक दिला, तर नोंद थांबते. परंतु 'नो-व्हेरिफाय' या पर्यायाने कोणालाही हा हुक टाळता येतो. म्हणून विद्यार्थ्याच्या संगणकावरील तपासणी ही त्याच्या सोयीसाठी मानावी आणि अंतिम निर्णय सामायिक सर्व्हरवरील तपासणीवर सोपवावा.

७. मांडणीची सुचविलेली कार्यपद्धती

वरील विवेचनाच्या आधारे महाविद्यालयीन प्रकल्पासाठी पुढील टप्पे सुचविता येतात.

(१) साधनाच्या वापरात असलेल्या आवृत्तीतील एक्झिट कोडचे अर्थ प्रथम कागदावर लिहून काढावेत आणि प्रत्येकासमोर 'पुढे जावे' किंवा 'थांबावे' असा निर्णय नोंदवावा. यादीत नसलेल्या प्रत्येक अंकासाठी 'थांबावे' हाच निर्णय असावा. थांबविण्याचे अंक मोजण्याऐवजी पुढे जाण्याचे अंक मोजावेत, हे या टप्प्याचे सार आहे.

(२) आज्ञावलीच्या वर्तनात बिघाड करणारे दोष आणि लेखनशैलीचे दोष यांची विभागणी करावी. पहिल्या प्रकारातील एका दोषानेही काम थांबावे. दुसऱ्या प्रकारातील दोष आरंभी केवळ दाखवावेत.

(३) जुन्या प्रकल्पाला तपासणी प्रथमच लावताना शेकडो सूचना येणे स्वाभाविक आहे. सर्व सूचना दूर होईपर्यंत काम थांबविल्यास तपासणीच बंद केली जाते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. त्याऐवजी आजची संख्या हीच मर्यादा ठरवावी. ईएसलिंटमध्ये आज १८० वॉर्निंग असतील, तर 'मॅक्स-वॉर्निंग्ज' १८० ठेवावे आणि संख्या घटेल तशी मर्यादा खाली आणावी. पीएचपीस्टॅन या साधनात जुन्या दोषांची नोंद स्वतंत्र फाइलमध्ये ठेवण्याची सोय आहे. त्यानंतर केवळ नवे दोष अपयश ठरतात. जुने देणे हप्त्याहप्त्याने फेडावे, पण नवे कर्ज होऊ देऊ नये, असे हे धोरण आहे.

(४) मांडणी आज्ञेच्या ओळीत न ठेवता प्रकल्पाच्या मांडणी-फाइलमध्ये ठेवावी. त्यामुळे विद्यार्थी, मार्गदर्शक व सर्व्हर या तिघांना एकच निर्णय लागू होतो, आणि नियम कोणी व केव्हा शिथिल केला याची नोंद गिटमध्ये राहते.

(५) शेवटी तपासणीचीच परीक्षा घ्यावी. यासाठी चार छोटे प्रयोग पुरेसे आहेत. निर्दोष फाइल देऊन तपासणी उत्तीर्ण होते काय, ते पाहावे. मुद्दाम एक एरर घालून ती थांबते काय, ते पाहावे. अस्तित्वात नसलेल्या फाइलचे नाव द्यावे. साधनाचे नावच चुकीचे लिहून पाहावे. शेवटच्या तिन्ही प्रयोगांत लाल खूण दिसली पाहिजे. एकातही हिरवी दिसली, तर तार कोठेतरी तुटलेली आहे आणि सिग्नल मात्र पडलेला आहे, असे समजावे.

पाचवा टप्पा सर्वांत कमी वेळाचा, परंतु बहुधा वगळला जाणारा आहे. महिनोन्महिने हिरवी खूण दाखविणाऱ्या तपासणीविषयी कोणी शंका घेत नाही. वास्तविक, जी तपासणी एकदाही लाल झालेली नाही, ती चालू आहे याचा कोणताही पुरावा उपलब्ध नसतो.

८. निष्कर्ष

एक्झिट कोड हा दिसायला क्षुल्लक अंक असला तरी स्वयंचलित व्यवस्थेत निर्णयाचा संपूर्ण भार त्याच्यावर असतो. साधनांच्या मूळ मांडण्या परस्परांहून भिन्न आहेत. दोष आढळूनही शून्य देणारे सीपीपीचेक, तपासल्याची व न तपासल्याची स्थिती वेगळी सांगणारे शेलचेक, प्रकारांची बेरीज देणारे पायलिंट, यांपैकी कोणत्याही साधनाची मूळ मांडणी विचार न करता स्वीकारणे हितावह नाही. सरासरी गुणांवर आधारलेली मर्यादा गंभीर दोष झाकू शकते. पाइप व '|| ट्रू' यांसारख्या जोडण्या अंकच नाहीसा करतात.

या सर्व तपशिलांतून एक सूत्र हाती येते. 'दोष नाहीत' आणि 'तपासणी झाली नाही' या दोन स्थिती कधीही एका अंकात मिसळू देऊ नयेत. तपासणी झाली असेल आणि ती समाधानकारक असेल, तरच शून्य मिळावा. इतर प्रत्येक वेळी काम थांबावे. थांबलेले काम पुन्हा सुरू करता येते आणि त्यात थोडा वेळच जातो. न तपासलेल्या आज्ञावलीतून निघालेली चुकीची पट्टी मात्र ज्याच्या हाती पडते, त्याला एक्झिट कोड म्हणजे काय हे ठाऊकही नसते. त्याच्या वतीने हा विचार करणे हे आज्ञावली लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे.